नाल्याचं पाणी नदीला मिळण्याआधी : वाचकांचे प्रश्न

छोट्या गावांच्या सांडपाण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात या अंकात घेतली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कारखान्यांचा वाटा आहेच, पण आलेली पत्रं मात्र जवळजवळ सगळी गावच्या नाल्याबद्दलच आहेत.

प्रश्न : आमची नगरपंचायत १८ हजार वस्तीची. सल्लागारांनी रोज ३० लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प सुचवलाय. भुयारी गटार नाही, सगळं पाणी दोन नाल्यांतून नदीत जातं. एवढा मोठा प्रकल्प खरंच लागेल का?
– नगरसेविका, सातारा जिल्हा

कागदावरचा हिशोब असा : माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा, त्यातला ८० टक्के वाटा सांडपाणी, म्हणजे माणशी १०८ लिटर. १८ हजारांना साडेएकोणीस लाख लिटर. पुढच्या पंधरा वर्षांची वाढ धरली की आकडा तिसाकडे जातो. सल्लागारांचं गणित चुकलेलं नाही, फक्त ते पुस्तकातल्या १३५ वर उभं आहे. तुमच्या नळाला दिवसाआड पाणी येत असेल आणि माणशी ७० लिटरच मिळत असतील, तर आज जेमतेम दहा लाख लिटर सांडपाणी तयार होतं. तीस लाखांच्या टाकीत दहा लाख लिटर सोडले की घाण खाणारे जिवाणू उपाशी राहतात आणि वीजबिल मात्र तीस लाखांच्या हिशोबाने येतं.

म्हणून निविदेआधी नाला मोजून घ्या. खर्च किरकोळ आहे. जाड पत्र्याला वरून ९० अंशांची खाच कापा, कडा धारदार ठेवा आणि पत्रा नाल्यात आडवा, अगदी लेव्हलमध्ये बसवा. दोन्ही बाजू आणि तळ चिकणमाती भरलेल्या पोत्यांनी बंद करा. पाणी खाचेतूनच जायला हवं आणि पलीकडे मोकळं पडायला हवं. खाचेच्या साधारण एक मीटर मागे खुंटी ठोकून, खाचेच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते पट्टीने मोजा. १० सेंटीमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ म्हणजे १२, २० म्हणजे २५. सेकंदाला २५ लिटर दिवसभर वाहिले तर साडेएकवीस लाख लिटर होतात. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो, त्यामुळे पट्टी वाचताना एक सेंटीमीटरची चूकही महागात पडते.

मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत करा, चोवीस तास, दर तासाला. एक दिवस आठवडे बाजाराचा धरा. पहाटे दोन-तीनच्या सुमाराला गाव झोपलेलं असताना नाला जोरात वाहत असेल, तर ते पाणी घराघरातलं नाही. कुठेतरी जलवाहिनी फुटली आहे, नाहीतर ओढ्याचं पाझरपाणी येतंय. ते शुद्ध करत बसण्यापेक्षा गळती काढणं स्वस्त पडतं.

स्थापत्यकाम पंधरा वर्षांपुढचं धरून करा, पण टाक्या दोन समांतर बांधा आणि ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) आणि पंप आजच्या प्रवाहाचेच घ्या. दुसरी टाकी पाणी वाढेल तेव्हा चालू होईल. २० हजारांच्या आतल्या गावात सकाळचा सर्वोच्च प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरतात. जाळी आणि उपसा पंप त्या मापाचे लागतात, बाकी प्रकल्प सरासरीचा चालतो.

आणि एक, जे आराखड्यात एका ओळीत उरकलेलं असतं : नाला अडवून पाणी प्रकल्पापर्यंत नेणारं पंपघर. छोट्या गावांतले प्रकल्प बहुधा इथेच हरतात. जाळीत प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, नारळाच्या शेंड्या अडकतात, दिवसातून दोनदा कुणी ओढलं नाही तर पाणी जाळीवरून उलटतं. वीज गेली की पंप थांबतो आणि अख्खा नाला नदीत. प्रकल्पाच्या फलकावर 'कार्यान्वित' लिहिलेलं असतं, ते खोटंही नसतं, पाणीच तिथवर पोहोचत नाही. जनरेटर, एक राखीव पंप आणि पंपघरात वेगळा तासमीटर (पंप किती तास चालला ते दाखवणारा) हे तिन्ही निविदेत लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या घराची सेप्टिक टाकी बारा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. नगरपालिका मात्र दर तीन वर्षांनी उपसण्याची सक्ती करते. भरलीच नाही तर उपसायची कशाला?
– एक वाचक, कराड

बारा वर्षांत न भरणारी टाकी सहसा टाकी नसते. एक तर तिला तळ नाही आणि मैला जमिनीत, पर्यायाने शेजारच्या विहिरीत जातोय. नाहीतर टाकी गाळाने कधीच भरली आहे आणि घरातून येतं तेवढं जसंच्या तसं गटारात चाललंय. गटाराकडच्या पाइपातून काळपट, गुठळ्या असलेलं पाणी येत असेल तर दुसरं कारण नक्की.

भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांची टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. म्हणजे सव्वा-अकराशे लिटर. माणशी वर्षाला चाळीस लिटर गाळ धरला तर पाच जणांचा तीन वर्षांत सहाशे लिटर होतो. निम्म्याहून जास्त टाकी गाळाने भरली की पाण्याला निवळायला वेळच मिळत नाही. तीन वर्षांचा नियम इथून आला आहे. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता गल्लीवार ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसायची पद्धत सुरू केली, तीही तीन वर्षांच्या चक्राने.

नवी टाकी बांधत असाल तर दोन कप्पे करा, पहिला दोन तृतीयांश लांबीचा. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली हवा आणि दोन्हींना 'टी' (टी आकाराचा जोड) हवा. बाहेरच्या बाजूचा 'टी' गवंडी हमखास विसरतो, मग वर तरंगणारा थर सरळ निघून जातो. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब ठेवा. उपसताना तळाशी थोडा जुना गाळ राहू द्या, टाकी ॲसिड-फिनेलने धुऊ नका, तिथले जिवाणूच काम करतात.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणूनही नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि घरमालकही त्यातून सुटत नाही. सक्शन गाडीच बोलवा, आणि ती मैला कुठे ओतणार ते विचारा. रात्री ओढ्यात रिकाम्या होणाऱ्या गाड्या कमी नाहीत. छोट्या प्रकल्पाच्या चेंबरमध्ये ओतणंही बरं नाही : पाच हजार लिटर मैल्यात लाखभर लिटर सांडपाण्याइतकी घाण असू शकते. तो थेंबाथेंबाने मिसळावा लागतो किंवा त्याच्यासाठी वेगळे वाळवण वाफे लागतात.

प्रश्न : मी एसबीआर (एकाच टाकीत आधी हवा, मग निवळण) प्रकल्पावर ऑपरेटर आहे, क्षमता रोज २० लाख लिटर. टाकीवर तपकिरी फेस येतो, गाळ निवळत नाही, डिकँटरमधून (वरचं निवळलेलं पाणी काढणाऱ्या यंत्रातून) गढूळ पाणी जातं. वीजबिलामुळे रात्री ब्लोअर बंद ठेवायला सांगितलंय. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

आधी एक लिटरचा मोजपात्र घ्या. हवा चालू असतानाच टाकीतलं पाणी भरा, सावलीत ठेवा, अर्ध्या तासाने गाळाची रेषा वाचा. २५० ते ३५० मिली असेल तर गाळ ठीक आहे, दोष डिकँटरच्या वेगात किंवा वेळेत शोधा. रेषा ८००-९०० वरच अडकली तर लगेच निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या पात्रात अर्धा नमुना आणि अर्धं प्रकल्पातून निवळून बाहेर पडलेलं पाणी घेऊन हीच चाचणी करा. आता गाळ झपाट्याने खाली बसला तर टाकीत गाळ फक्त जास्त झालाय, बाहेर काढा. पातळ करूनही तो फुगलेलाच राहिला तर त्यात तंतुमय जिवाणू माजले आहेत.

त्यांचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कमी पडणारा प्राणवायू, आणि तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तेच सांगतंय. हवेचा टप्पा संपताना टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. रात्रभर हवा बंद आणि मैला चालूच, तर सकाळी टाकी काळी पडते, सडक्या अंड्यांचा वास येतो आणि कमी प्राणवायूवर तग धरणारे तंतू बाकीच्यांना मागे टाकतात. सायीसारखा घट्ट तपकिरी थरही त्याच घराण्यातला असतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने मोडून पुन्हा टाकीत घालू नका, वरच्यावर काढून वाळवण वाफ्यावर टाका. पांढरा, हलका फेस वेगळा : तो नव्या प्रकल्पात किंवा गाळ फारच कमी असताना साबणामुळे येतो, गाळ वाढला की जातो.

वीज वाचवायची असेल तर रात्री प्रवाह कमी असतो तेव्हा दोनऐवजी एक ब्लोअर चालवा किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग उतरवा. पण बंद ठेवू नका. ब्लोअरची एअर फिल्टर दर आठवड्याला झाडा. टाकीच्या एखाद्याच कोपऱ्यात पाणी खळाखळा उकळल्यासारखं दिसत असेल तर तिथला डिफ्युझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा भाग) फाटलाय, तुमची अर्धी हवा तिथून वाया जातेय. वरिष्ठांना तोंडी सांगून भागत नसेल तर रोज सकाळी सहाला प्राणवायू मोजून नोंदवहीत लिहा. आकडा लिहिलेला असला की बोलणं सोपं जातं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रकल्पातून गाळ बाहेर किती जातो? वीस लाख लिटर, लिटरला २५० मिलिग्रॅम बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप), म्हणजे रोज ५०० किलो. त्यातून कोरडा धरला तर तीन-चारशे किलो नवा गाळ रोज तयार होतो. सेंट्रिफ्यूज किंवा फिल्टर प्रेसमधून पिळून काढलेला ओला चोथा दीड-दोन टन. पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या प्रकल्पातून दोन दिवसांला एक ट्रॉली भरायलाच हवी. महिनाभर ट्रॉली हललेली नसेल तर तो गाळ हवेत गेला नाही, शुद्ध पाण्याबरोबर नदीत गेला. कुठलाही प्रकल्प बघायला जाणाऱ्या नगरसेवकांनी आणि पत्रकारांनी प्रयोगशाळेचा अहवाल मागण्याआधी ट्रॉलीची नोंदवही मागावी. वर्षभर बीओडी ८, ८, ९, ८ असा येत असेल तर नमुना कुणी आणि किती वाजता घेतला तेही विचारावं.

क्लोरिन शेवटी. लिटरला ५ मिलिग्रॅम मात्रा धरली तर रोज १० किलो क्लोरिन, म्हणजे चांगल्या ब्लीचिंग पावडरचं तीसेक किलो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या पोत्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते, म्हणून साठा थोडाच करा. पाण्याला क्लोरिनबरोबर अर्धा तास मिळायला हवा. गढूळ पाण्यात कितीही पावडर ओतली तरी जिवाणू गाळाच्या कणांत लपून वाचतात, आणि जादा क्लोरिन खाली नदीत माशांना मारतं. मर्यादा कोणती पाळायची ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतिपत्रात बघा. २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडी ३० आहे, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशात १०.

प्रश्न : नाल्यात टाकायची जिवाणू पावडर विकायला येते. 'पंधरा दिवसांत वास बंद, प्रकल्पाची गरज नाही' म्हणतात. घ्यावी का?
– ग्रामपंचायत सदस्य, नाशिक जिल्हा

नको. नाल्यात जिवाणूंची कमतरता कधीच नसते, कमतरता प्राणवायूची आणि वेळेची असते. नाल्यातलं पाणी तासाभरात नदीला मिळतं, तेवढ्यात कोणतेही जिवाणू पन्नास किलो घाण खाऊन संपवत नाहीत. विक्रेता वास गेल्याचं दाखवेल. त्याच दिवशी, वर आणि खाली, दोन्हीकडचा बीओडी मोजून दाखवायला सांगा.

प्रश्न : जूनच्या पहिल्या पावसात बंधाऱ्यामागे हजारो मासे मरतात. दरवर्षी कारखान्यावर संशय घेतला जातो, पण सिद्ध काहीच होत नाही. नमुना कसा घ्यावा?
– मच्छीमार सोसायटीचे सचिव, कोल्हापूर जिल्हा

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि तीनच्या खाली बहुतेक मासे तडफडू लागतात. उन्हाळाभर बंधाऱ्यामागच्या डोहात तळाला काळा गाळ साचतो, नाल्यांतही साचतो. पहिला पाऊस हे सगळं एकदम उचलतो. बर्गे (बंधाऱ्याच्या फळ्या) त्याच दिवसांत काढले तर आणखी ढवळतं. वर ढगाळ हवा, त्यामुळे शेवाळाकडून दिवसाचा प्राणवायूही नाही. काही तासांत पाणी मासे जगवण्याच्या लायकीचं राहत नाही.

मरणाची तऱ्हा नीट बघा. प्राणवायू संपला असेल तर मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात, मोठे आधी मरतात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ आणि मागूर बहुधा वाचतात. मरळही मेली, खेकडे आणि गोगलगायीही मेल्या, लहान पोना (माशांची पिल्लं) मोठ्यांच्या आधी गेला, दुपारी अचानक सुरू झालं, तर विषारी पाण्याचा संशय धरा.

नमुना मासे तरंगताच घ्या, दुसऱ्या दिवशी पाणी बदललेलं असतं. तीन जागा : घटनास्थळ, संशयित नाल्याचं तोंड आणि त्या नाल्याच्या वरची नदी. वरचा नमुना नसेल तर बाकी दोन कोर्टात टिकत नाहीत. प्राणवायूसाठी काचेच्या बुचाची ३०० मिलीची बाटली, आत बुडबुडा न ठेवता, पाण्याखालीच भरा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड काठावरच घालावं लागतं, ते घातलं नाही तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा निरर्थक होतो. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. मरायला टेकलेले दोन-तीन मासे बर्फावर ठेवा, कुजलेले उपयोगाचे नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवून पंचनामा करून घ्या आणि बाटल्यांवर त्यांच्यासमोर सील लावा.

प्राणवायू दुपारी तीनला मोजून 'नदी उत्तम' म्हणणारे अहवाल बाजूला ठेवा. हिरव्या पाण्यात दुपारी तो भरपूरच असतो, खरा आकडा सूर्योदयाआधीचा.

प्रश्न : नाल्यावर इंजिन लावून उसाला पाणी देतो. ऊस जोमदार येतो पण लोळतो, आणि उताराही कमी. भाजी केली तर चालेल का?
– शेतकरी, पुणे जिल्हा

ऊस लोळतो तो नत्रामुळे. सांडपाण्यात लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम नत्र असतं. एकराला एकूण ६० सेंटीमीटर पाणी दिलंत तर २४ लाख लिटर झाले, त्यातून ९६ किलो नत्र गेलं. युरियाची साडेचार पोती. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलोच आहे, आणि उसाला पाणी तर ६० सेंटीमीटरहून कितीतरी जास्त लागतं. वर तुम्ही नेहमीचा युरियाही टाकत असणार. तो आधी बंद करा, आणि तोडणीआधीचे शेवटचे तीन-चार महिने शक्यतो विहिरीचं पाणी द्या, नाहीतर ऊस वाढत राहतो पण साखर भरत नाही.

पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी यांना हे पाणी नको. जंताची अंडी क्लोरिननेही मरत नाहीत, मग कच्च्या नाल्याच्या पाण्यात तर प्रश्नच नाही. शेतात उतरताना गमबूट घाला, हुकवर्म पायातूनच शिरतो. काळ्या जमिनीत वर्षातून एकदा माती आणि पाण्याची क्षारता आणि सोडियम तपासून घ्या. जमीन चिबड झाली की वठणीवर आणायला वर्षं जातात.

प्रश्न : चारशे माणसांच्या वाडीसाठी झाडांवर चालणारा प्रकल्प करायचा आहे. जागा किती, खर्चिक भाग कोणता, बिघडतं काय?
– सरपंच, सिंधुदुर्ग

अशा प्रकल्पात सांडपाणी झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यातून जातं, आडवं वाहत किंवा वरून खाली झिरपत. उष्ण हवेत आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला माणशी ३ चौरस मीटर धरतात, म्हणजे बारा गुंठे. उभ्या प्रवाहाच्या वाफ्याला सव्वा चौरस मीटर पुरतं, पाच गुंठ्यांत बसतो, पण त्यात पाणी हप्त्याहप्त्याने सोडावं लागतं. त्यासाठी पंप किंवा सायफन आला. वीज बेभरवशाची आणि जमीन हाताशी असेल तर आडवाच करा.

वाफ्याआधी निवळण टाकी हवीच, दोन कप्प्यांची. वाफा ६० सेंटीमीटर खोल, तळाला प्लास्टिक अस्तर, उतार एक टक्का. पाणी शिरतं आणि निघतं तिथे ४० ते ८० मिलिमीटरचे गोटे, मध्ये १० ते २० मिलिमीटरची खडी. खर्च खडीवर होतो आणि घोळही तिथेच होतो : धुतलेली खडी मागवा. क्रशरची भुकटी तशीच आली तर वाफा वर्षभरात तुंबतो. बाहेरच्या पाइपाला फिरवता येणारा एल्बो (काटकोनी जोड) बसवा, म्हणजे पाण्याची पातळी खडीच्या पाच-दहा सेंटीमीटर खाली राखता येते. पाणी वर दिसलं की डास झाले.

कर्दळ आणि पाणकणीस कोकणात सहज येतात, चौरस मीटरला चार रोपं लावा. काम मुख्यतः खडीला चिकटलेले जिवाणू करतात, म्हणून कर्दळ फुलली नाही तरी घाबरू नका. खडी तुंबली तर मात्र घाबरा. लग्नकार्याचं तेलकट पाणी, भाताची पेज आणि गोठ्याचं शेण वाफ्यात येऊ देऊ नका. कोकणातला पाऊस पाहता छपरांचं पाणी वाफ्यापासून तोडा आणि भोवती बांध घाला. निवळण टाकी दोन वर्षांनी उपसा, कर्दळ वर्षातून एकदा छाटून बाहेर न्या. आठवड्याला दोन तास देणारा एक माणूस लागतो. त्याचा पगार ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी लिहा.